विंडोज, मॅक की लिनक्स : जुना संगणक बदलण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत पाठिंबा, म्हणजे सुरक्षेसाठीच्या सुधारणा मिळणे, संपला आणि दादर-परळच्या अनेक छोट्या कार्यालयांतले धडधाकट संगणक एकदम जुने ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर नवा संगणक पाहायला निघण्यापूर्वी आपले रोजचे काम कोणत्या सॉफ्टवेअरवर चालते, हे आधी पाहावे.

हिशेब टॅलीवर आणि विवरणपत्रे डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनवर होत असतील, तर विंडोजच घ्यावे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका आणि अहवाल ज्यांच्याकडे साठले आहेत, त्यांनीही विंडोज सोडू नये, कारण तो मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नसल्यामुळे दुसरीकडे उघडल्यावर निरर्थक अक्षरे दिसतात.

मॅकओएस केवळ ॲपलच्याच यंत्रांवर मिळते. २०२० पासूनच्या एम मालिकेचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपची बॅटरी उत्तम टिकते, हे खरे. मात्र इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये, कारण मॅकओएस २६ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती आहे. शिवाय विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरची फाइल मॅक वाचतो, पण त्यावर काही लिहू देत नाही. छापखान्यात ऐन वेळी ही अडचण होते. पेन ड्राइव्ह दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ती राहत नाही.

घरगुती वापर आणि विद्यार्थ्यांसाठी मी लिनक्स ही मोफत प्रणालीच सुचवेन. चांगले यंत्र केवळ एका अटीपायी भंगारात जावे, हे मला पटत नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान डिस्क) बसवून लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घातली, तर ब्राउझर आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखे मोफत सॉफ्टवेअर) यांवर रोजचे काम भागते. मराठीचीही अडचण नाही : इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही प्रणालींत मिळतो आणि ‘तऱ्हा’मधला ऱ शिफ्ट व जे या कळांनीच उमटतो. वर्डमधल्या फाइलींची मांडणी मात्र लिब्रेऑफिसमध्ये कधीकधी सरकते, म्हणून कार्यालयाला पाठवायचा मजकूर पीडीएफ करून द्यावा.

मिंट पेन ड्राइव्हवरूनच, काहीही न पुसता, चालवून पाहता येते. तेव्हाच प्रिंटर, वाय-फाय आणि कॅमेरा तपासावेत आणि हे तिन्ही नीट चालले तरच, फाइलींची प्रत काढून घेऊन, मिंट कायमचे बसवावे.