इम्प्लांटची कांडी: पिस्टन की दोन स्क्रू?

नेक्सप्लॅनॉन या गर्भनिरोधक इम्प्लांटची कांडी ४ सेंमी लांब, २ मिमी जाड. गाभ्यातल्या ईव्हीए पॉलिमरमध्ये (एक प्लास्टिक) ६८ मिग्रॅ इटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक. दंडात बसून ते वर्षानुवर्षं झिरपायचं, म्हणजे कांडीभर सारखं पसरलेलं हवं. मग अशी कांडी दाबून काढणारं यंत्र, म्हणजे एक्स्ट्रूडर, पिस्टनचं घ्यावं की दोन स्क्रूंचं?

पिस्टनचा एक्स्ट्रूडर म्हणजे आपला शेवेचा सोऱ्याच. तापवलेल्या नळीत मिश्रण भरा, दट्ट्या दाबा, डायमधून (तोंडाशी बसवलेल्या भोकाच्या साच्यातून) तार बाहेर. काही ग्रॅममध्ये काम भागतं; औषध महाग असलं की हे मोठं सुख. पण सोऱ्या पीठ मळत नाही! भुकटी नीट मिसळली नसेल, तर तारेतही तशीच उतरते.

ट्विन-स्क्रू मात्र मळतो. एकमेकांत गुंतलेले स्क्रू, मध्ये मिश्रण मळणारे नीडिंग ब्लॉक, टप्प्याटप्प्याला वेगळं तापमान. माल अखंड निघतो. पण सुरुवातीला बरंच औषध वाया जातं, घर्षणाने उष्णता वाढते, आणि पीएलजीए (शरीरात विरघळणारं पॉलिमर) ओलसर राहिलं तर त्याच्या साखळ्या तुटतात. शिवाय स्क्रू उतरवून खाचांतलं चिकट पॉलिमर खरवडायचं, ते वेगळंच.

मी चाचपणीला पिस्टन घेईन, उत्पादनाला ट्विन-स्क्रू. नेक्सप्लॅनॉनसारखी आवरणाची कांडी असेल तर एका यंत्रावर भागतच नाही: गाभ्याला एक एक्स्ट्रूडर, आवरणाला दुसरा, दोन्ही प्रवाह एकाच डायमध्ये.