स्टिअरिंगची कटकट: रॅक न बदलता पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

शिमग्याच्या सुमारास गाडीच्या स्टिअरिंगचं काम करून घेतलं, आता दिवाळी तोंडावर आली आहे. मधे पुण्यातला अख्खा पावसाळा गेला, म्हणजे खड्डे, खड्ड्यांत टाकलेली खडी आणि गल्लोगल्लीचे उंचच उंच स्पीडब्रेकर असं सगळं सोसून झालं. काम झालं त्याच आठवड्यात लिहिलेल्या कौतुकावर माझा फारसा विश्वास नाही. ग्रीस ताजं असतं तोवर सगळ्याच गाड्या गप्प असतात.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये चाक पूर्ण वळवल्यावर घूंऽऽ असा जो आवाज येतो, तो पंपाचा असतो आणि ऑइल कमी झालं की वाढतो. माझ्या गाडीत पंपही नाही आणि ऑइलही नाही, तरी भेटेल तो ‘स्टिअरिंग ऑइल बघून घ्या’ म्हणायचा.

आवाज दोन होते. गाडी उभी असताना किंवा पार्किंगमधून अगदी हळू काढताना स्टिअरिंग वळवलं की डाव्या बाजूने ‘टंग्’ व्हायचं. दुसरा आवाज कोथरूडच्या आतल्या रस्त्यांवर, कमी वेगात खडबडीत पट्टा लागला की यायचा. हलकीशी ‘टक टक’, पण थेट हाताला जाणवणारी. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने एक चक्कर मारली आणि आख्खी रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा) बदलायचं पाच आकडी एस्टिमेट हातात ठेवलं. गाडी जॅकवर चढवलीसुद्धा नव्हती! मला तेच खटकलं.

मग कर्वेनगरातल्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, मुलाला आत बसवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः डाव्या चाकामागे हात घालून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “ताई, इथे बाहेरून तळहात टेकवा. बोटं वेटोळ्यांच्या मधे घालू नका.” स्प्रिंगवर हात ठेवला. स्टिअरिंग फिरत होतं, पण स्प्रिंग जागची हलेना. मग एकदम झटका देऊन फिरली, ‘टंग्’ झालं आणि वरची वाळलेली माती माझ्या मनगटावर पडली. शॉकअप वर बॉडीला जिथे जोडलेला असतो, त्या माउंटमधलं बेअरिंग जाम झालं होतं. ते फिरत नाही म्हणून स्प्रिंगला पीळ बसतो आणि तो सुटताना हा आवाज येतो. रॅकचा याच्याशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या आवाजासाठी त्यांनी आधी गाडी जॅकवर घेतली. चाक आडवं, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊवर धरून हलवलं, टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारे सांधे, ठीक निघाले. उभं, बारा आणि सहावर धरून हलवलं, चाकाखालच्या बॉल जॉइंटलाही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. मग ते ड्रायव्हरच्या पायांपाशी वाकले, स्टिअरिंगच्या दांड्याच्या (कॉलमच्या) खालच्या युनिव्हर्सल जॉइंटवर, म्हणजे तिरक्या शाफ्टला फिरू देणाऱ्या सांध्यावर, बोट ठेवलं आणि मुलाला स्टिअरिंग जेमतेम इकडून तिकडे हलवायला सांगितलं. जॉइंटमधली ढिलाई बोटाला कळत होती.

दोन्ही बाजूंची माउंट आणि बेअरिंग बदलली, शिवाय तो जॉइंट असलेला मधला शाफ्ट. पार्ट नाना पेठेतून आले. एकच बाजू बदलून पैसे वाचवायचा मोह होतो, पण दोन्ही बेअरिंग सारखीच धावलेली असतात. शाफ्ट सोडवण्याआधी काकांनी चाकं सरळ केली, सीटबेल्ट स्टिअरिंगच्या आऱ्यांतून ओवून लॉक केला आणि दोन्हीकडे खुणा केल्या. हे फार महत्त्वाचं आहे. शाफ्ट सुटलेला असताना स्टिअरिंग नुसतं गरगर फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (हॉर्न आणि एअरबॅगच्या वायरची गुंडाळी) तुटते, मग हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू. घरी हे उद्योग करू नका. शॉकअपची दाबलेली स्प्रिंग तर हातपाय मोडू शकते.

आता निकाल. ‘टंग्’ गेला तो गेलाच. स्टिअरिंग वळणानंतर आपसूक मधे येतं, पूर्वी ते वळलेलंच राहायचं आणि मी अलाइनमेंटला दोष देत होते. (शॉकअप खोलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं, ते केलं.) हाताला जाणवणारी टकटकही नाही. ताम्हिणीत खराब रस्त्यावर मुद्दाम काच खाली करून ऐकलं. तिथे एक खडखड आहे, पण ती सरळ जातानाही येते, स्टिअरिंगशी तिचं नातं नाही. बहुधा लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी. तो स्वस्तातला पार्ट आहे, पुढच्या सर्व्हिसला बघू.

तक्रार एकच. काम एका दिवसाचं सांगितलं आणि चुकीचं बेअरिंग आल्यामुळे गाडी रात्रभर गॅरेजमध्ये राहिली.

ऐन पावसाळ्यात मात्र पायांपाशी बारीक ‘चुर्र’ सुरू झालं आणि पोटात गोळा आला. शाफ्ट जिथून इंजिनकडे जातो तिथलं रबरी सील घासत होतं. सिलिकॉन ग्रीस लावल्यावर थांबलं. साधं ग्रीस तिथे नको, रबर फुगतं.

आणि सोसायटीच्या गुळगुळीत बेसमेंटमध्ये वळताना जी ‘चुंई’ येते ती टायरची. तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.