हॅकिंटॉश की मॅक मिनी? २०२५ नंतरचा हिशेब

घरातल्या इंटेल डेस्कटॉपवर मॅकओएस चढवावं की सरळ मॅक मिनी घ्यावा, हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी अवघड होता. आता त्याला मुदत लागली आहे. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केलं की टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. हॅकिंटॉश म्हणजे पीसीला इंटेल मॅकचं सोंग देणं. पुढच्या आवृत्तीत खरे इंटेल मॅकच नसतील, तर सोंग कुणाचं आणणार?

तरीही हातात योग्य मशीन असेल तर पैसे वाचतात. आठव्या ते दहाव्या पिढीचा इंटेल आणि त्यातलं यूएचडी ६३० ग्राफिक्स बिनघोर चालतं. अकराव्या पिढीपासून आतलं ग्राफिक्स निरुपयोगी, वेगळं कार्ड लागतंच. एएमडीचं आरएक्स ५८० किंवा ६६०० चालतं, ६८०० चालतं, मधलं ६७०० एक्सटी मात्र मॅकओएस स्वतःहून ओळखत नाही. ७००० मालिका नाही. एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डं तर विसराच.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट, सीएसएम आणि सीएफजी लॉक बंद. अबव्ह ४जी डिकोडिंग चालू. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर, त्याच्या ईएफआय विभागात (मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचा भाग) ओपनकोअर हा बूटलोडर आणि केक्स्ट, म्हणजे ड्रायव्हरसारखे जोड: लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटेव्हरग्रीन आणि लॅनचं. दहाव्या पिढीला आयमॅक२०,१ ही ओळख (ॲपलच्या एका इंटेल आयमॅकचं मॉडेल-नाव) द्यायची. आरएक्स ६६०० असेल तर बूट आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे सुरू होताना द्यायच्या सूचनेत, एजीडीपीमॉड=पिकेरा (agdpmod=pikera) हवं, नाहीतर स्क्रीन काळी. दुसऱ्याचा तयार ईएफआय फोल्डर उचलू नका. बोर्ड तोच असला तरी बायोसची आवृत्ती वेगळी निघते आणि मग चूक कुठे आहे तेच कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ यूएसबी खातं. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मानतं, आणि प्रत्येक निळं सॉकेट दोन मोजलं जातं: एक यूएसबी २, एक यूएसबी ३. कोणते पोर्ट चालू ठेवायचे ते ठरवण्याचं मॅपिंग न करता सोडलं तर ब्लूटूथ गायब होतं आणि स्लीपमध्ये गेलेलं मशीन लगेच जागं होतं. वायफायचंही तसंच. इंटेलच्या कार्डावर इंटरनेट मिळतं, एअरड्रॉप (ॲपलच्या उपकरणांत फाइल पाठवण्याची सोय) नाही. एअरड्रॉपसाठी लोक ब्रॉडकॉमचं कार्ड घ्यायचे. मॅकओएसच्या सोनोमा आवृत्तीने २०२३ मध्ये त्याचा आधार काढला. आता ते पॅच करून चालवायचं तर सिस्टिमची सुरक्षा सैल करावी लागते. टाहोने तर जुना ऑडिओ ड्रायव्हरच काढून टाकला, म्हणून त्याआधीच्या सेक्वोया आवृत्तीवरच थांबलेलं बरं. अपडेट करण्याआधी नवं ओपनकोअर आणि केक्स्ट पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करून पाहा, मगच डिस्कवरच्या ईएफआयला हात लावा.

एम४ मॅक मिनी बाजारात आला तो ५९,९०० रुपयांना: १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण. चालू करा, कामाला लागा. यापुढे सांगण्यासारखं फारसं नाही. खटकतं ते एवढंच की रॅम नंतर वाढत नाही, जुन्या चौकोनी यूएसबीचं एकही सॉकेट नाही, आणि साठवण दुप्पट करायला कंपनी बरेच पैसे जास्त घेते (बाजारात आला तेव्हा २०,००० रुपये). ते देऊ नका. बाहेरची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) थंडरबोल्ट पोर्टला लावा, फोटो आणि प्रोजेक्ट तिथे ठेवा; रॅमची निवड मात्र खरेदीच्या दिवशीच करावी लागते.

ॲपलच्या वापर-करारानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्याच मशीनवर चालवायचं आहे. सायस्टार ही कंपनी मॅकओएस चढवलेले पीसी विकायची. ॲपलने २००८ मध्ये दावा लावला आणि पुढच्या वर्षी जिंकला. ऑफिसात किंवा ग्राहकाच्या कामासाठी हॅकिंटॉश म्हणूनच नको. आयफोनची ॲप्स बनवणाऱ्यांनी मिनीच घ्यावा, कारण ॲप स्टोअर नव्या एक्सकोडचा (ॲपलच्या ॲप बनवण्याच्या साधनाचा) आग्रह धरतं आणि नवं एक्सकोड नवं मॅकओएस मागतं. मशीन आधीच घरात असेल आणि शिकण्याची हौस असेल, तर वेगळी डिस्क लावून सेक्वोया जरूर चढवा. फक्त त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनं ग्राफिक्स कार्ड शोधत फिरू नका. ते पैसे मिनीच्या खात्यात टाका.