जिओजेब्रा : कुळागराच्या कुंपणावर घेतलेली परीक्षा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला गणित शिकवताना मी वर्षभर ‘जिओजेब्रा’ वापरत आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेले, भूमितीच्या आकृत्या आणि आलेख काढण्याचे हे सॉफ्टवेअर अव्यावसायिक वापरासाठी मोफत असून, संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालते. पावसाळ्यात वीज राहिली तरी इंटरनेट राहीलच असे नाही, त्यामुळे आम्हांला ही दुसरी सोय अधिक मोलाची वाटते.

त्याची खरी परीक्षा एका उदाहरणात झाली. व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) आयताकृती कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, ४० मीटर कुंपण तीन बाजूंनी घालायचे आहे, व्हाळाची बाजू मोकळी. तर जास्तीत जास्त किती जमीन आत घेता येईल? बहुतेकांनी चौरस सुचवला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७७.७८ चौरस मीटर भरते. व्हाळाला काटकोनात असलेल्या बाजूसाठी स्लायडर (सरकवून किंमत बदलायची पट्टी) घेतला, तर तो मूळ मांडणीप्रमाणे −५ ते ५ असा आला आणि उणे पाच मीटर कुंपण पाहून वर्ग हसला. ही बाजू ० ते २० मीटरच्या दरम्यानच असणार, हे मग मला सांगावे लागले नाही. स्लायडर सरकवताना क्षेत्रफळ ८ मीटरला १९२, १० ला २०० आणि १२ ला पुन्हा १९२ झाले.

दोषही नेमका इथेच आहे. उत्तर डोळ्यांना दिसले की मुले वही मिटतात आणि ‘असे का?’ हा प्रश्न उरतच नाही. म्हणून पुढच्या तुकडीत मी आधी कागदावर तक्ता करून घेतला आणि संगणक नंतर उघडला. तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, व्हाळापलीकडेही असेच कुळागर असते तर?” परावर्तनाचे साधन वापरून आम्ही आयताची प्रतिमा पलीकडे उमटवली. आता पूर्ण आयताची परिमिती ८० मीटर झाली. तेवढ्या परिमितीत सर्वांत मोठा आयत म्हणजे २० मीटर बाजूचा चौरस, आणि त्याच्या ४०० चौरस मीटरांचे निम्मे २००. प्रतिमा सॉफ्टवेअर क्षणात काढते, पण आरसा कुठे धरायचा हे मुलालाच सुचावे लागते.

मोबाईलवर बोटाखाली बिंदूच झाकला जातो, म्हणून संगणकच बरा. त्यापुढे दोघातिघांना एकत्र बसवावे. एकटे मूल नुसता स्लायडर ओढत राहते, तिघे असले की कुठे थांबायचे यावर वाद घालतात.