किचनचा वजनकाटा चार महिने वापरून: वाढलेले ७ किलो कुठून आले ते कळलं

जानेवारीत डिजिटल किचन काटा घेतला, ५ किलोपर्यंत चालणारा, १ ग्रॅमपासून दाखवणारा, साडेपाचशेला पडला. चार महिने रोज वापरलाय म्हणून आता लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हाच काटा चार-पाच जण वेगवेगळं स्टिकर लावून विकतात आणि माझा पहिला पीस खराब आला होता (रिकामा असताना पण आकडा हलत राहायचा), तो त्यांनी बदलून दिला. दुसरा आला तो चांगला आहे. आल्या आल्या मिठाची १ किलोची पिशवी ठेवून बघितली, १००४ दाखवलं, म्हणजे प्लॅस्टिक धरून बरोबरच. तुम्ही घेतलात तर पहिल्या दिवशी हे नक्की करा, रिटर्नची मुदत संपायच्या आत.

आता का घेतला ते सांगते. तीन वर्षांत माझं वजन ६२ वरून ६९ झालं. थायरॉईड तपासलं, नॉर्मल. जेवण पहिल्यासारखंच, दोन पोळ्या, भाजी, थोडा वरणभात, बाहेरचं महिन्यातून एखाद-दोनदा. मी डॉक्टरांना शपथेवर सांगितलं असतं की मी काहीच जास्त खात नाही, आणि मला ते खरंच वाटत होतं. मग १९९२ सालचा न्यूयॉर्कमधला एक अभ्यास वाचनात आला. दिवसाला १२०० कॅलरीच्या आत खातो तरी वजन उतरत नाही असं म्हणणारी दहा माणसं घेतली आणि त्यांचं खरं खाणं आणि शरीर रोज किती कॅलरी खर्च करतं ते शास्त्रीय पद्धतीने मोजलं. मेटाबॉलिझम सगळ्यांचं ठीक निघालं, फक्त ते जेवढं लिहून देत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होते. मला तरी नाही वाटत ती माणसं खोटं बोलत होती. डोळ्याला कळतच नाही, एवढंच. ते वाचून काटा मागवला.

पहिल्या आठवड्यात घरात थोडं झालं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं पोळ्या मोजू नयेत, मोजून खाल्लेलं अंगी लागत नाही." मी वाद घातला नाही. म्हटलं आई, पोळ्या नाही मोजत, फक्त तेलाची बाटली काट्यावर ठेवू द्या. त्याला त्या तयार झाल्या, आणि तिथेच सगळ्यात मोठी गोष्ट कळली.

ही ट्रिक नीट वाचा, या काट्याचा सगळ्यात भारी उपयोग हाच आहे. भरलेली तेलाची बाटली काट्यावर ठेवायची, टेअरचं बटण दाबायचं की आकडा शून्य होतो, मग बाटली उचलून नेहमीसारखं तेल कढईत घालायचं आणि बाटली परत काट्यावर ठेवायची. आता जो मायनस आकडा दिसतो तेवढं तेल गेलं. आईंनी चौघांच्या कोबीच्या भाजीला नेहमीच्या दोन पळ्या घातल्या, काट्यावर -४६. एक ग्रॅम तेलाला ९ कॅलरी, म्हणजे ४१४, माणशी शंभराच्या वर नुसती फोडणी, अजून कोबीला हात पण लागलेला नाही. आई पण बघत राहिल्या, म्हणाल्या पळी तर तीच आहे गं, तुझ्या लग्नाच्या आधीपासूनची. पळी तीच आहे हो, पण आधी घरात सात माणसं जेवायची, आता चार.

तेल, तूप, लोणी सगळ्यालाच ही युक्ती चालते. पिठाला आणि साखरेला ग्रॅममागे ४ कॅलरीच्या आसपास, फॅटला ९, दुपटीपेक्षा जास्त. म्हणून एक पोळी कमी खाऊन जे वाचवतो ते वर चमचाभर तूप घातलं की परत येतं.

पण माझ्या बाबतीत खरा धक्का बसला तो शेंगदाण्यांचा. तीन वर्षांपूर्वी मी चहाबरोबरची बिस्किटं सोडली आणि संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा सुरू केला, हेल्दी म्हणून. माझी मूठ वाटीत टाकून वजन केलं तर ३२ ग्रॅम, गूळ १८ ग्रॅम. शेंगदाण्याला १०० ग्रॅममागे साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, गुळाला पावणेचारशेच्या आसपास. दोन्ही मिळून अडीचशे. आणि मी कधी एकाच मुठीवर थांबले नाही, येता जाता अजून चार दाणे तोंडात टाकायचे. बिस्किटं दोनच खायचे मी आधी, मोजून. शेंगदाणे वाईट आहेत असं अजिबात म्हणत नाहीये, प्रोटीन आहे, पोट भरतं, मी अजून खाते. फक्त आता १५ ग्रॅम वाटीत काढून डबा वर ठेवून देते.

इथे एक हिशोब सांगते जो मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळीकडे वाचायला मिळतं की ७७०० कॅलरी म्हणजे १ किलो चरबी, मग रोज १०० जास्त खाल्ल्या तर वर्षाला पावणेपाच किलो, आणि असंच चालत राहिलं तर दहा वर्षांत ४७! तसं होत नाही कारण वजन वाढलं की ते जास्तीचं शरीर चालवायला पण रोज जास्त कॅलरी लागतात, मग वाढ हळूहळू मंदावते आणि एका ठिकाणी थांबते. २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात केविन हॉल या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अंदाज दिलाय, रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलरींचा फरक पडला तर शेवटी वजनात साधारण १ किलोचा फरक पडतो, त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. माझे ७ किलो, तीन वर्षं. सात गुणिले चोवीस, १६८ कॅलरी. म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, एक मूठ. मी वाटी समोर ठेवून कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते त्या दिवशी, कारण मी तीन वर्षं पोळी-भाताला दोष देत होते, स्वतःला दोष देत होते.

एकट्या शेंगदाण्यांनीच झालं असं नाही, चहाची साखर पण होती. आमचा चमचा शिगोशीग भरला की ६ ग्रॅम, दोन चमचे तीन वेळा म्हणजे ३६ ग्रॅम, १४४ कॅलरी. एक चमचा कमी केला, आठवड्याभरात जीभ रुळली.

वापरताना एक चूक सगळे करतात, मी पण केली, कच्चं आणि शिजलेलं यात घोळ. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाला ३५० कॅलरी, पण १०० ग्रॅम शिजलेल्या भाताला १३० च्या आसपास, पाणी धरतो ना तो. मी चार दिवस भाताचं वजन करून तांदळाचा आकडा लावत होते आणि घाबरून भातच सोडला होता. कच्च्या धान्या-डाळींचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात सापडतात, ५२८ पदार्थ आहेत त्यात, आपली ज्वारी-बाजरी-नाचणी सगळं. पाकिटाच्या फरसाणावर १०० ग्रॅमचा आकडा छापलेला असतोच, पण आपण घेतलेली वाटी किती ग्रॅमची हे माहीत नसेल तर तो वाचून काय करणार?

आणि पायाखालच्या वजनकाट्याला घाबरू नका. एका लग्नाहून आल्यावर माझं वजन सकाळी १.२ किलो जास्त दिसलं. तेवढी चरबी वाढायला नऊ हजारांवर जास्तीच्या कॅलरी खाव्या लागतील, कुणी खात नाही एका दिवसात. ते मिठाने आणि शरीरात साठलेल्या पिष्टाबरोबर (कार्बोहायड्रेट) धरून ठेवलेलं पाणी असतं, तीन दिवसांत गेलं.

काट्याच्या तक्रारी आता. तेल किंवा मीठ अगदी हळूहळू घातलं तर आकडा हलतच नाही, ५-६ ग्रॅम गिळून टाकतो, म्हणून भांड्यात थेंब थेंब घालून मोजू नका, वरची बाटलीची पद्धतच वापरा. दोन मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतो आणि टेअर केलेलं जातं, पीठ मळताना दोनदा वैताग आला. मोठं ताट ठेवलं की डिस्प्ले झाकला जातो, त्यामुळे वाटी किंवा उंच डबा घ्या. टेबलक्लॉथवर ठेवला तर चुकीचं दाखवतो, कडक सपाट ओटाच पाहिजे. २-३ ग्रॅमवर विश्वास ठेवू नका, मसाल्याला वगैरे हा नाही. सेल मात्र अजून पहिलेच चाललेत.

कुणासाठी नाही ते पण सांगते. मुलांच्या ताटाला काटा लावू नका, वाढीचं वय आहे त्यांचं. आणि ज्यांना खाण्याची भीती बसलीये किंवा जेवल्यावर अपराधी वाटतं त्यांनी हा घेऊच नका, डॉक्टरांशी बोला. मी स्वतः पहिले तीन आठवडे सगळं मोजलं, आता फक्त तेल, तूप, दाणे आणि फरसाण, बाकी डोळ्याला सवय झाली.

चार महिन्यांत ६९.४ वरून ६६.१. पोळ्या दोनच आहेत, भात परत सुरू केला. कोबीच्या भाजीला आता २० ग्रॅम तेल लागतं, झाकण ठेवून वाफेवर शिजवायची, आणि चवीत फरक पडला असं घरात अजून कुणी म्हणालेलं नाही. ५ पैकी ४ स्टार, एक कापला तो हळू ओतल्यावर आकडा न हलण्याचा. गेल्या रविवारी आईंनी चिवडा करायला घेतला तेव्हा बाटली त्यांनीच काट्यावर ठेवली आणि आतून हाक मारली, "अगं ये, किती गेलं बघ."