शिकवणं मस्त, पेपरची तयारी मात्र कच्ची

मुलगी अकरावी आर्ट्सला आहे. मानसशास्त्र घेतलं तेव्हा नातेवाईकांचा एकच जोक, चला, पागलखाना चौकात (नागपूरचं मेंटल हॉस्पिटल तिथेच आहे) नोकरी पक्की. कॉलेजात शिकवलेलं काही तिला समजून नव्हतं राहिलं म्हणून जुलैपासून धरमपेठेतली ही ट्युशन लावली.

सर नोट्स सांगत बसत नाही हे मला आवडलं. पहिल्याच आठवड्यात पोट्ट्यांकडून स्ट्रूपचा प्रयोग करून घेतला, म्हणजे 'लाल' हा शब्द हिरव्या स्केचपेनने लिहायचा आणि शब्द न वाचता नुसता शाईचा रंग सांगायचा, मोबाईलवर टाइम लावून. सोपं वाटते ना, करून पाहा! मुलीने घरी आम्हाला सगळ्यांना बसवलं, ह्यांची गाडी चौथ्या शब्दालाच अडकली, मी पण फसले, आणि नणंदेचा केजीतला पोरगा ज्याला अजून वाचताच येत नाही त्याने पटापट सगळे रंग सांगून टाकले. सर म्हणाले तीच तर गंमत आहे, आपल्याला वाचायची इतकी सवय की शब्द दिसला की वाचल्याच जाते, त्या लेकराला ती अडचणच नाही. १९३५ चा प्रयोग आहे म्हणे.

पावलोव्हचा कुत्रा, म्हणजे खाण्याआधी रोज एकच आवाज ऐकून मग नुसत्या आवाजानेच लाळ गाळायला लागलेला, तो शिकवताना पण सरांनी उदाहरणाला तर्री पोह्याचा ठेला आणला, कढईवर झारा वाजला की पोहे प्लेटमध्ये यायच्या आधीच तोंडाला पाणी सुटते की नाही. आणि पावलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, हे मला मुलीकडूनच कळलं.

आता तक्रार. सर सगळं कंडिशनिंग, अटेन्शन असंच बोलतात, मराठी मीडियमच्या पोरांना पेपरात अभिसंधान, अवधान लिहावं लागते. चाचणीत मुलीने उदाहरणं बरोबर लिहिली पण अभिजात (पावलोव्हवालं) आणि साधक (बक्षीस-शिक्षेने शिकण्याचं) अभिसंधानाची अदलाबदल केली, मार्क गेले. सांगितलं तर शब्दांची एक झेरॉक्स दिली, बस, लिहायचा सराव काही नाही. फी एकदम भरा म्हणतात. आणि बॅच कॅन्सलचा मेसेज पोरगी घरून निघाल्यावर येते, दोनदा झालं असं, एकदा तर भर पावसात.

चार स्टार, एक त्या मेसेजचा कापला. बारावीलाही इथेच ठेवणार आहे, फक्त पेपर सोडवून घ्यायला दुसरं काही पाहून राहिलो, मराठी मीडियमची चांगली टेस्ट सिरीज कोणाला माहीत असेल तर सांगा.