चवथीतला फोन आणि 'एम. डी. स्किन'ची सीट

2023 साली चवथ 19 सप्टेंबरला होती. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा असतो. 20 तारखेच्या संध्याकाळी विसर्जन आटोपून आम्ही परतत असतानाच नीट पीजीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या, जागावाटपाच्या तिसऱ्या फेरीसाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाईलपर्यंत खाली आणल्याची सूचना मोबाईलवर आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माटोळी (गणपतीच्या वर बांधलेली फळाफुलांची चौकट) उतरवताना मला पहिला फोन आला. बोलणाऱ्याला माझे नाव, रोल नंबर आणि रँक तोंडपाठ होती, आणि मला स्किनच, म्हणजे त्वचारोगाची शाखाच, हवी आहे हेही त्याला ठाऊक होते. माझी इतकी माहिती त्याच्यापर्यंत कशी पोचली, हा प्रश्न मी त्याच क्षणी विचारायला हवा होता. उलट, ज्याला एवढे माहीत आहे तो काऊन्सेलिंगच्या (रँकप्रमाणे जागा वाटण्याच्या) यंत्रणेतलाच कोणीतरी असणार, असे मी समजले.

स्किनचा हट्ट का, हे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याने नेमके तेच पकडले होते. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण आरोग्य केंद्रावर असताना पावसाळ्यात रोज दादेचे, म्हणजे गजकर्णाचे, रुग्ण येत. त्यांतले बहुतेक जण दुकानातून घेतलेले स्टेरॉईडमिश्रित मलम महिनोन्महिने लावून आलेले असत आणि त्यांची दाद मूळचे रूप हरवून मांडीभर पसरलेली असे. एकदा काजूच्या बागेत काम करणाऱ्या एका मावशींच्या दंडावरच्या फिकट चट्ट्यावरून मी कापसाचे टोक फिरवले आणि त्यांना ते कळले नाही. तो कुष्ठरोग होता, वेळेत सापडला आणि औषध मोफत सुरू झाले. त्या दिवसापासून मला दुसरी शाखा नको होती. पण या शाखेच्या जागा थोड्या आणि मागणी अफाट. गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीचे एकच, आणि तिथल्याही निम्म्या पीजी जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. माझ्या रँकवर स्किन मिळणार नाही हे मला पुरते ठाऊक होते, आणि म्हणूनच त्या माणसाचे बोलणे मला ऐकावेसे वाटले.

तो म्हणाला, "डॉक्टर, आता कटऑफ शून्य झाला, म्हणजे रँकचा प्रश्नच संपला. एका अभिमत विद्यापीठात स्किनची एक सीट आमच्याकडे ब्लॉक आहे." या एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी आहेत. पात्रतेची अट खाली आली म्हणजे अधिक उमेदवारांना काऊन्सेलिंगमध्ये बसता आले, इतकेच. जागा मात्र रँकप्रमाणेच वाटल्या जातात आणि दोन लाख रँकचा उमेदवार पन्नास हजारवाल्याच्या पुढे जात नाही. दुसरे म्हणजे अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा केंद्राच्या मेडिकल काऊन्सेलिंग कमिटीमार्फत (एमसीसी) ऑनलाईन भरल्या जातात, त्यामुळे सीट 'ब्लॉक' करून ठेवणे एजंटाच्याच काय, महाविद्यालयाच्याही हातात नसते. शिवाय शेवटपर्यंत रिकाम्या राहतात त्या मुख्यतः ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीसारख्या विषयांच्या जागा. स्किनची सीट सहसा उरत नाही, आणि उरली तर ती भरमसाट शुल्कामुळे उरते. हे सगळे मला माहीत होते. परीक्षेत कोणी विचारले असते तर मी न अडखळता सांगितले असते.

पण त्याने पहिल्याच दिवशी एक अट घातली होती, आणि पुढचे सगळे त्या अटीमुळे घडले असे मी आज ठामपणे म्हणते. "हे कोणाशी बोलू नका. वरच्या रँकवाल्यांना कळले तर ते कोर्टात जातील आणि तुमची सीट जाईल." मी गप्प राहिले. बांबोळीला स्किनलाच रेसिडेन्सी करणारी माझी एक सीनियर मला बहिणीसारखी. तिने दोन मिनिटांत सांगितले असते की हे शक्य नाही. त्या सहा आठवड्यांत तिचे चार फोन येऊन गेले आणि प्रत्येक वेळी मी "अजून काही ठरलेले नाही" असे तिला सांगितले.

आठवड्याभराने पणजीतल्या एका हॉटेलच्या लॉबीत बाबांची आणि माझी त्याच्याशी भेट झाली. सोबत एक वयस्क गृहस्थ होते, शुद्ध मराठी बोलणारे, बाबांना सारखे 'गुरुजी' म्हणणारे. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्या एका शब्दाने ते विरघळले. टोकन म्हणून दोन लाख रुपये तिथेच रोख दिले. पावती मागितल्यावर "गुरुजी, विश्वास नसेल तर राहू द्या," असे उत्तर आले आणि बाबाच ओशाळले. मग त्या दोघांनी काऊन्सेलिंगच्या पोर्टलचा माझा पासवर्ड मागितला, "चॉईस आमचा माणूस लॉक करील, तुमच्याकडून चूक नको." मी तो दिला, आणि नंतर मोबाईलवर आलेला ओटीपीही फोनवरून सांगितला.

पैशांपेक्षा मोठे नुकसान इथे झाले. माझ्या पसंतीक्रमाच्या यादीत त्यांनी एकच पर्याय भरून लॉक केला. बालरोग, पॅथॉलॉजी, ज्या कोणत्या जागा माझ्या रँकला मिळू शकल्या असत्या, त्यांतली एकही यादीत नव्हती. साहजिकच तिसऱ्या फेरीत मला काहीच मिळाले नाही, आणि हे ठरल्याप्रमाणेच चालले आहे, आता स्ट्रे राऊंडमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत, 'थेट' काम होईल, असे मला सांगण्यात आले.

ऑक्टोबरच्या अखेरीस व्हॉट्सॲपवर अलॉटमेंट लेटर आले. वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, कोपऱ्यात क्यूआर कोड. तो स्कॅन केल्यावर एक संकेतस्थळ उघडले आणि त्यावर माझे नाव हिरव्या अक्षरांत दिसले. त्या संकेतस्थळाच्या पत्त्यात एमसीसी ही अक्षरे होती, पण शेवटी खऱ्या संकेतस्थळासारखे 'एनआयसी डॉट इन' नव्हते. माझी नजर हिरव्या अक्षरांवरून हललीच नाही. बाबांनी कुळागर गहाण ठेवून काढलेले चौदा लाख रुपये दोन दिवसांत आरटीजीएसने एका 'एज्युकेशन कन्सल्टन्सी'च्या चालू खात्यात गेले. माडा-पोफळींची ती बाग आजोबांनी लावलेली आहे.

रात्रभर बसने प्रवास करून आम्ही त्या महाविद्यालयात पोचलो. प्रवेश विभागातल्या कारकुनाने पत्र हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवून ते जवळ धरले आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे 'एम. डी. स्किन' असे छापलेले होते. "मॅडम, असा अभ्यासक्रमच नसतो. डर्मॅटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रसी असे पूर्ण नाव येते." मी डॉक्टर, तीच शाखा घ्यायला निघालेली, आणि दहा दिवस उशाशी ठेवलेल्या कागदावरची ती चूक मला दिसली नव्हती. आपसांत आम्ही सगळेच 'स्किन' म्हणतो, त्यामुळे ते मला खटकलेच नाही. बाबा काऊंटरसमोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "बाय, पाणी आण." त्यानंतर घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत.

इथे आम्ही आणखी एक चूक केली, आणि ती कोणीही करू नये. लोक काय म्हणतील, 'पैसे देऊन सीट घ्यायला निघाले होते' असे म्हणतील, या भीतीने आम्ही अकरा दिवस कोणालाच काही सांगितले नाही. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे. पैसे गेल्यानंतर पहिल्या काही तासांत तक्रार नोंदवली तर ते पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. आमचे पैसे तोवर कितीतरी खात्यांतून फिरून गेले होते. बाराव्या दिवशी मी त्या सीनियरला सगळे सांगितले. ती ओरडली नाही. रजा काढून ती मला रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात घेऊन गेली.

शुल्काव्यतिरिक्त प्रवेशासाठी पैसे मागणे, म्हणजे कॅपिटेशन फी घेणे, सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये इनामदार खटल्यात स्पष्टपणे अमान्य केले आहे, आणि पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमावलीनुसार कोणत्याही महाविद्यालयाला परस्पर प्रवेश देता येत नाही, सगळ्या फेऱ्या ऑनलाईनच होतात. तेव्हा 'स्ट्रे', 'मॅनेजमेंट', 'एनआरआय', 'रद्द झालेली सीट' असा कोणताही शब्द वापरून कोणी फोन केला, तर तिथेच थांबावे. प्रत्येक फेरीचा निकाल कमिटीच्या अधिकृत संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपाने लागतो. त्यात आपली रँक शोधावी. तिथे ती नसेल तर हातातले पत्र कितीही देखणे असले तरी खोटे आहे. खरे अलॉटमेंट लेटर आपण स्वतः आपल्या लॉगिनमधून उतरवून घ्यायचे असते, ते कोणी व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. पासवर्ड आणि ओटीपी आईवडिलांखेरीज कोणालाही देऊ नये. आणि ज्या माणसाची पहिली अट 'कोणाला सांगू नका' अशी असेल, त्याचा फोन ठेवल्यावर त्याच संध्याकाळी आपल्या शाखेतल्या एखाद्या सीनियरला ते सगळे सांगावे.

आमच्या पैशांपैकी एक लाख ऐंशी हजार रुपये एका खात्यात गोठवलेले आहेत आणि ते परत मिळावेत यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे. रोख दिलेल्या दोन लाखांचा कागदोपत्री पुरावा नाही. कुळागरावरच्या कर्जाचा हप्ता आता माझ्या पगारातून जातो.